पहिलं हत्यार घेण्याआधी : प्रशिक्षण, परवान्याचे प्रकार आणि अर्जाची वाट

शस्त्र परवान्याची चौकशी करणारा माणूस बहुधा दोनच प्रश्न घेऊन येतो. अर्ज कुठे करायचा आणि परवाना हातात पडायला किती महिने लागतात? हत्यार हाताळायला शिकायचं कुठे, हे विचारणारे थोडे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे फाइलला सगळ्यात शेवटी जोडायचा एक कागद, अशीच समजूत आहे. माझं सांगणं याच्या बरोबर उलट आहे. आधी शिका, निदान काही आठवडे नियमाने नेमबाजीच्या रेंजवर जा आणि मग अर्ज करायचा की नाही ते ठरवा. शिकून झाल्यावर बरेच जण वेगळं हत्यार मागतात. काहींना तर आपल्याला हत्यार नकोच, हे उमगतं. दोन्ही निर्णय परवाना हातात येण्याआधी झालेले बरे.

हा लेख भारतातल्या कायद्याला धरून आहे : शस्त्र अधिनियम १९५९, त्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती आणि शस्त्र नियम २०१६. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. गोव्यातही कायदा हाच आहे, तिथे अर्ज आपल्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा.

सुरुवात एअर रायफलपासून

पॉइंट १७७, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला किंवा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. अट एकच, तिची ताकद २० ज्यूलच्या आत हवी. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो, तेवढंच. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही आणि छऱ्याचा खर्च परवडणारा. पण नळी कुठे आहे, बोट कुठे आहे, समोर काय आहे, या सवयी त्याच लागतात. मात्र ते खेळणं नव्हे. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा घालवतो.

जिल्ह्याच्या रायफल क्लबात नाव घाला. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ सालची. राज्य संघटना तिच्याशी आणि जिल्ह्यांचे क्लब राज्य संघटनेशी जोडलेले असतात. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात मोठी रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्याने तर नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे दिला. क्लबात दुसरा एक फायदा होतो. तिथे तुम्हाला रोज पाहणारी, चूक झाली की जागेवर थांबवणारी माणसं असतात. एकट्याने व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला हे मिळत नाही.

सुरक्षा प्रशिक्षणात काय यायला हवं

२०१६च्या नियमांनी अर्जदारासाठी शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षण आणलं. हत्यार सुरक्षित हाताळणं आणि बाळगणं, गोळीबाराची पद्धत, निगा, साठवण व वाहतूक आणि कायद्याची माहिती हे त्यातले विषय. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचंच लागतं. म्हणून फी भरण्याआधी तुमच्या परवाना शाखेत जाऊन विचारा, की कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र तुम्ही स्वीकारता? कुठल्या तरी दुकानात पैसे मोजून तासाभरात कागद मिळत असेल, तर तो घेऊ नका. अर्ज कदाचित पुढे सरकेल, पण तुमच्या हाताला काहीच शिकवलेलं नसेल.

चार नियम जगभर सारखे आहेत आणि ते पाठ असून भागत नाही, अंगवळणी पडावे लागतात. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरायचं. जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी कधीच न्यायची नाही. नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही, ते चापाच्या कड्याबाहेर सरळ ताणलेलं हवं. आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय बार काढायचा नाही. शेवटचा नियम घाईत विसरला जातो. पॉइंट २२ची इवलीशी गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते आणि पाण्यावर किंवा कडक जमिनीवर आपटून भलतीकडे उसळते.

आता हत्यार मोकळं, म्हणजे गोळ्या काढून रिकामं करण्याबद्दल. प्रशिक्षणातला हा भाग मी सगळ्यात मोलाचा मानतो.

पिस्तुलाबाबतचा मोठा गैरसमज म्हणजे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं की पिस्तूल रिकामं झालं. तसं होत नाही. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी गोळी बसते त्या जागेत, राहिलेली असू शकते आणि घरातल्या अनेक अपघातांचं मूळ तीच असते. क्रम असा : नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) दोन-तीनदा पूर्ण मागे ओढायची, मागेच अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत ठेवूनच स्लाइड ओढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी तिच्या जागी जाऊन बसते.

सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर मध्यातून मोडतं. खटका दाबून नळी खाली झुकवली की मधली चकती सहाही काडतुसं वर उचलते. झुकवणं अर्धवट किंवा हळूहळू झालं, तर एखादं काडतूस चकतीखाली सरकून आतच राहतं. म्हणून नळी वर करून, एका दमात पूर्ण मोडायचं आणि सहाही भोकं आरपार दिसतात का ते मोजून पाहायचं.

बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) दुनळी मोडून पाहणं सोपं, पण तिच्या नळ्यांतून उजेड दिसतो का हेही पाहा. कोकणात पावसाळाभर पडून राहिलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. तशीच बंदूक उडवली तर नळी फुटू शकते. ठासणीच्या बंदुकीचा प्रकार आणखी वेगळा. ती नळीच्या तोंडातून ठासून भरतात, मागून उघडतच नाही. तिथे ठासणीचा गज नळीत सोडून किती आत जातो त्याची खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. खूण बुडापर्यंत पोचत नसेल, तर आत बार ठासलेला आहे. शेतावर राहणाऱ्यांनी रिकाम्या बंदुकीच्या मापाची पक्की खूण गजावर आधीच कोरून ठेवावी.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर हत्यार लगेच उघडू नका. काडतूस काही क्षणांनी पेटू शकतं. नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा, मग उघडा. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज आला तर पुढचा बार अजिबात काढू नका. गोळी नळीतच अडकलेली असेल आणि तिच्यामागून दुसरी गेली तर हत्यार हातात फुटेल. रेंजवर कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, शिसं पोटात जातं.

परवाना कशासाठी, हत्यार कोणतं

आपल्याकडे 'परवान्याचे प्रकार' दोन अंगांनी पाहावे लागतात : कारण आणि हत्यार.

कारणं मुख्यतः तीन, म्हणजे आत्मसंरक्षण, शेतपिकाचं संरक्षण आणि खेळ. कायद्याच्या कलम १३ची मांडणी पाहिली तर बरंच उलगडतं. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट २२ची रायफल, या मागण्यांकडे कायदा मोकळेपणाने पाहतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत येत नाहीत. त्यासाठी 'सबळ कारण' पटवून द्यावं लागतं. लोक मात्र बरोबर उलटं करतात. रिव्हॉल्व्हरच मागतात, कारण म्हणून 'जिवाला धोका' एवढंच लिहितात आणि नकार आला की नवल करतात. धमकीची पोलिसांत नोंदलेली तक्रार, मोठ्या रोकडीची ने-आण, वस्तीपासून लांबचं घर, असं काही कागदावर दाखवता येत असेल तरच त्या वाटेला जा.

कोकणातल्या किंवा चंदगड-आजऱ्याकडच्या शेतकऱ्याला शेतीसंरक्षणाचा परवाना हा खरा आधार असतो. गवे, रानडुकरं आणि माकडं उभं पीक झोपवतात. अर्जाला सातबारा, पिकाचा तपशील आणि नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही जोडा. पण एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हा परवाना शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याच्या शेजारी उभाच आहे. रानडुकरासारख्या उपद्रवी प्राण्याबाबतही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकला, तर परवाना तर जातोच, शिवाय वनगुन्हा दाखल होतो.

हत्यारांमध्ये मोठी दुभागणी प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअरची. ज्यात ९ मिलिमीटर, पॉइंट ३०३ किंवा ७.६२ची सेनादलाची काडतुसं चालतात, ती हत्यारं प्रतिबंधित आहेत. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, ते काम केंद्रीय गृहमंत्रालयाचं. साध्या नागरिकाने तो विचारच सोडावा. पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट २२, पॉइंट ३१५ रायफल आणि बारा बोअर ही अप्रतिबंधित गटातली नेहमीची नावं. ९ मिलिमीटरचं पिस्तूल 'परवान्यासकट' मिळवून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून निघा.

एका माणसाला फार तर दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात. २०१९च्या दुरुस्तीआधी ही संख्या तीन होती. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याच्या सरावाच्या पॉइंट २२ रायफलीला आणि एअर रायफलीला दोनची मर्यादा लागू नाही.

अर्ज

वय २१ पूर्ण हवं. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, नागपूर, सोलापूर यांसारख्या शहरांत, पोलीस आयुक्त परवाना देतात. बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टर. त्यांच्या कार्यालयात गृह शाखेत चौकशी करा. वैयक्तिक परवान्याचा अर्ज 'नमुना ए-१' मध्ये असतो आणि माहिती केंद्राच्या 'एनडीएएल-एलिस' या संगणक प्रणालीत भरली जाते. प्रत्येक परवानाधारकाला तिथून स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसलेला परवाना कोणी देऊ करत असेल तर तो खोटाच समजा.

कागदांत जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सुरक्षित साठवणुकीची हमी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. वैद्यकीय प्रमाणपत्र शारीरिक आणि मानसिक दोन्ही आरोग्याचं असतं आणि अर्जदार नशेच्या आहारी गेलेला नाही, असा स्पष्ट उल्लेख त्यात हवा. या कागदाकडे निव्वळ औपचारिकता म्हणून पाहू नका. घरात कोणी खोल नैराश्यातून जात असेल, दारूवरून भांडणं होत असतील, तर हत्यार आणण्याची ती वेळ नाही. डॉक्टर सही करतील किंवा करणार नाहीत, पण घरातली परिस्थिती तुम्हालाच ठाऊक असते.

मग फाइल पोलीस पडताळणीला जाते. ठाण्यातून बोलावणं येतं, जबाब होतो, शेजारीपाजारी विचारपूस होते, जुने गुन्हे पाहिले जातात. नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर परवाना अधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय करायचा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून अर्जाची पोच आणि तारखा जपून ठेवा. आधीचा नकार किंवा गुन्हा लपवू नका. नकारापेक्षा लपवाछपवी महागात पडते.

नकार देताना अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची असतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अपील ३० दिवसांत करायचं : कलेक्टरांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे. अपिलात रागाने भरलेली पानं चालत नाहीत. आदेशातल्या प्रत्येक कारणाला कागदासह उत्तर लागतं.

दलालांपासून लांब राहा. जम्मू-काश्मीरमधून बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन वाटलेल्या परवान्यांचं प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि अधिकारीही त्यात अडकले. परवाना देऊन झाल्यावरही तपासणी संपत नाही. बीड जिल्ह्यात २०२५च्या सुरुवातीला प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले.

खरेदी

परवान्यावर हत्याराचा प्रकार, ते घेण्याची मुदत, एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे सगळं लिहिलेलं असतं. ते दुकानात नव्हे, घरी बसून वाचा. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा सरकारी कारखान्यातून करायची आणि हत्यार दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा. जुनं हत्यार घेताना जाणकाराला सोबत न्या. नळी आतून कशी आहे, रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चक्र) ढिलं हलत नाही ना आणि क्रमांक खोडलेला नाही ना, हे त्याला पाहू द्या. काडतुसं ताजी घ्या. बुडावर 'केएफ' शिक्का असलेली आपल्या खडकीच्या कारखान्याची. ओल लागलेली, हिरवट झालेली काडतुसं वापरू नका.

घरात

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. पहाटे बाहेर पडण्याआधी कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं होतं. भरलेलं हत्यार कपाटातून काढणं आणि ठेवणं यात किती धोका असतो, ते यातून दिसतं.

हत्यार मोकळं करून भिंतीला किंवा फरशीला बोल्ट केलेल्या कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघरात, फडताळावर, गादीखाली ठेवू नका. घरातल्या मुलांना त्या जागा तुमच्याआधी माहीत असतात. मुलांना स्पष्ट सांगा : हत्यार दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. साफसफाई करताना त्या खोलीत एकही काडतूस असता कामा नये.

तुमच्या परवान्यावर तुमचंच नाव आहे. रखवालदार, चालक किंवा मेव्हणा यांच्या हातात हत्यार देता येत नाही.

बाहेर

हत्यार बाहेर नेताना पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्यानात आणि झाकलेलं, बंदूक तिच्या पिशवीत, आणि मूळ परवाना सोबत. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे ते पाहा. फक्त महाराष्ट्रापुरता असेल आणि तुम्ही हत्यारासह पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात गेलात, तर पलीकडे ते विनापरवाना ठरतं. विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. परवान्याची अट मोडल्याबद्दल वेगळं कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि वरातीत, वाढदिवसाला, निवडणूक जिंकल्यावर हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आकाशात गेलेली गोळी खाली येतेच, आणि खाली माणसं असतात.

आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो. पीक ऐन भरात असेल, तर सूट मागणारा अर्ज सातबाऱ्यासह नोटिशीची वाट न पाहता द्या. जमा केलंत, तर हत्याराचा क्रमांक आणि स्थिती लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

पत्ता बदलला तर नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंद करा. हत्यार हरवलं तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी द्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आजोबांची बंदूक

अनेक घरांत 'नवा' परवानाधारक खरं तर वारस असतो. आजोबा गेले, बंदूक माळ्यावर राहिली, परवाना कुणाच्या लक्षात नाही. परवानाधारक गेल्यावर ते हत्यार घरात ठेवण्याचा हक्क आपोआप कोणाकडे येत नाही. पहिलं काम, ती भरलेली आहे का हे जाणकाराकडून तपासून घ्यायचं. ठासणीची असेल तर गजाशिवाय कळणार नाही. दुसरं, ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. तिसरं, मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि बाकी वारसांची लेखी ना-हरकत जोडून, ज्याला ठेवायची आहे त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. त्यालाही वय, प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी यांतून सुटका नाही.

आजोबा हयात असतील तर आणखी सोपा मार्ग आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली असतील, तर त्यांच्या हयातीतच ते कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. तो करताना नातवाने किंवा नातीने आधी क्लबात नाव घालावं आणि आजोबांकडून त्या बंदुकीची सगळी माहिती लिहून घ्यावी : कोणती काडतुसं चालतात, कोणती नळी कुठे मारते, कोणता खटका ढिला आहे. कोणीच ठेवणार नसेल, तर विक्रेत्याला विकता येते किंवा पोलिसांकडे कायमची जमा करता येते. जे ठरेल त्याची पावती घरच्या कागदांत ठेवा.